डेंटल स्कूल: २२ अर्ज जरा जास्तच होतात का?

प्रेषक: वृषाली, कॅरी

नमस्कार मंडळी,

पिकनिकच्या मेलांच्या गर्दीत हा वेगळाच विषय काढतेय, पण दुसरीकडे कुणाला विचारणार?

आमची सई या सायकलला, म्हणजे यंदाच्या प्रवेशफेरीत, इथल्या अमेरिकेतल्या डेंटल स्कूलना अर्ज करतेय. डॅट ही प्रवेश परीक्षा झाली, शिफारसीची लेटर्स आली, सगळ्या शाळांचा अर्ज एकत्र घेणाऱ्या अ‍ॅडसॅसमध्ये एकेक कोर्स हाताने भरून झाला (त्यात दोन शनिवार गेले). गाडी अडलीय ती शाळांच्या यादीवर. मैत्रिणींचं ऐकून ऐकून यादी २२ वर गेली आहे. आमचे हे म्हणतात, "दहा पुरे. लग्नाच्या पत्रिका वाटायच्यात का?" पहिल्या शाळेचे अडीचशे डॉलरच्या वर, पुढच्या प्रत्येकीचे शंभराच्या वर, म्हणजे नुसत्या अ‍ॅडसॅसचेच अडीच हजारांच्या पुढे जातात. सेकंडरीची, म्हणजे मग प्रत्येक शाळा स्वतःचे प्रश्न पाठवते त्या दुसऱ्या अर्जाची, फी वेगळीच. पैशांचं एक वेळ सोडा हो, पण कमी केले आणि कुठेच नाही लागलं, तर वर्ष गेलं ना! यातून गेलेल्यांनी सांगा, आकडा किती धरायचा?

वृषाली

प्रेषक: सुधीर, एपेक्स

वृषाली, २२ च कर. वाया गेलेलं वर्ष अडीच हजारांपेक्षा कितीतरी महाग. माझ्या भाच्याने १८ केले होते. दोन ठिकाणी बोलावलं, एका ठिकाणी लागला. नऊच केले असते तर ती एक शाळा नेमकी त्या नवात असती कशावरून?

सुधीरकाका

प्रेषक: मेधा, शार्लट

वृषाली,

सुधीरकाकांचं म्हणणं खोटं नाही. पण काका, त्या १८ पैकी खरोखरचे अर्ज किती होते, ते भाच्याला एकदा विचाराच.

आमची लेक यातून दोनदा गेली. पहिल्या वर्षी १९ अर्ज, आणि एकाही ठिकाणी नाही. दुसऱ्या वर्षी ११. तीन शाळांनी बोलावलं, एकीने घेतलं. मार्क तेच होते, डॅटही पुन्हा दिली नव्हती. बदलली होती ती यादी, आणि अर्जाची तारीख.

पहिल्या वर्षी आम्ही नाव ऐकलंय, शहर बरं आहे, आत्या जवळ राहते, अशा हिशोबाने खुणा करत गेलो. एका सरकारी शाळेचं सांगते, नाव नको. वर्गात ऐंशीच्या आसपास जागा. म्हटलं, छान. त्यातल्या राज्याबाहेरच्या मुलांना किती, हा रकाना त्याच पानावर दोन ओळी खाली होता. तिथे आकडा होता ४. त्या चार जागांसाठी आम्ही दोन्ही फिया भरल्या आणि लेकीने दोन रात्री निबंध लिहिले. नंतर मोजलं तर अशा सहा शाळा निघाल्या. १९ हा आकडा दिसायला भारदस्त होता, पण त्यातले सहा अर्ज म्हणजे देवळाबाहेरूनच नमस्कार.

म्हणून आधी घरचं बघा. चॅपल हिलची यूएनसी बहुतांश जागा आपल्या नॉर्थ कॅरोलायनातल्याच मुलांना देते. ग्रीनव्हिलची ईस्ट कॅरोलायना २०११ मध्ये सुरू झाली, तिथे तर नॉर्थ कॅरोलायनाचे रहिवासीच घेतात. बाकी देशभरातली मुलं या शाळेच्या फाटकाबाहेरच! हाय पॉइंटला २०२४ पासून खासगी शाळा निघाली आहे. पहिल्या दोन डोळे मिटून यादीत घ्या. उलट, यादीत ह्यूस्टन किंवा सॅन अँटोनियो असेल तर ती आजच काढा. टेक्सासच्या सरकारी शाळांचा अर्ज टीएमडीसॅस म्हणून वेगळा असतो, आणि तिथल्या नव्वद टक्के जागा टेक्सासवाल्यांच्या.

सईकडे ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व आहे असं धरून लिहितेय. ज्यांची मुलं अजून एच-४ वर, म्हणजे आईबाबांच्या व्हिसामागे मिळालेल्या व्हिसावर, आहेत त्यांनी सगळ्यात आधी हे तपासा. बऱ्याच सरकारी शाळा अशा मुलांचा विचारच करत नाहीत, आणि सरकारी कर्जही मिळत नाही.

आता खरी गोची. बाहेरच्यांना मोकळ्या हाताने घेणाऱ्या शाळा बहुतेक खासगी, आणि खासगी म्हणजे महाग. न्यूयॉर्कच्या एनवाययूच्या एका वर्गात साडेतीनशेच्या वर मुलं असतात, त्यामुळे "तिथे लागेलच कुठेतरी" असं सगळ्यांना वाटतं. पण एनवाययू काय किंवा लॉस एंजेलिसची यूएससी काय, राहण्याखाण्यासकट चार वर्षांचा खर्च पाच लाख डॉलरच्या पुढे जातो. आमच्या वेळी वरच्या रकमेला ग्रॅड प्लस नावाचं सरकारी कर्ज होतं. १ जुलै २०२६ पासून ते नव्या विद्यार्थ्यांना बंद. डेंटलला सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० आणि सगळं मिळून २,००,००० डॉलरपर्यंतच. सई २०२७ मध्ये सुरू करणार, म्हणजे ती नव्या नियमातच येते. वरचे तीन लाख खासगी बँकेकडून उचलायचे, आणि त्या कागदावर बहुधा तुम्हा दोघांपैकी एकाची सही लागणार.

म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही प्रत्येक नावासमोर एकच प्रश्न लिहिला. फक्त या एकाच शाळेने घेतलं, तर जाणार का? "नाही, पुढच्या वर्षी पुन्हा बघू" असं उत्तर आलं की नाव खोडायचं. पाच नावं गेली. एका नावावर लेकीने पेन्सिल बराच वेळ टेकवून ठेवली होती. मग बाबाकडे बघितलं आणि स्वतःच काट मारली. तो काही बोलला नव्हता हो, नुसता चहा ढवळत होता.

हे करून जे उरेल तो तुमचा आकडा. बहुतेकांचा दहा ते पंधराच्या मध्ये येतो. सातआठच उरल्या तर मात्र तिथे थांबू नका, राज्याबाहेरच्यांना घेणाऱ्या आणखी चार शाळा शोधा. पण यादी भरायला म्हणून हार्वर्ड नको. तिथे वर्गच मुळी पस्तिसेक मुलांचा.

मेधा

प्रेषक: नेहा, मॉरिसव्हिल

मेधाताई, मी भारतातून बीडीएस केलंय. मला हेच लागू होतं का?

प्रेषक: मेधा, शार्लट

नाही गं. तुझा अर्ज कॅपिडमधून, म्हणजे बाहेरून डेंटिस्ट होऊन आलेल्यांच्या वेगळ्या पोर्टलमधून, बहुतेक ठिकाणी आयएनबीडीई ही इथली लायसन्सची परीक्षा आधी पास व्हावी लागते, आणि कित्येक ठिकाणी बेंच टेस्ट, म्हणजे हातच्या कामाची परीक्षाही घेतात. गणितच निराळं. वेगळी मेल टाक, आपल्यात तसे दोघं-तिघं आहेत.

प्रेषक: अनिकेत, चॅपल हिल

नमस्कार, मी सध्या डी-टू, म्हणजे डेंटलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेधाकाकूंनी तारखेचं अर्ध्या वाक्यात उरकलं, माझ्या मते ते आकड्याइतकंच मोठं आहे.

बहुतेक शाळांचं रोलिंग असतं. अर्ज येतील तसे वाचतात, बोलावणी जातील तसे इंटरव्ह्यूचे दिवस भरत जातात. त्यात सबमिट केल्यावर अ‍ॅडसॅस मार्क पडताळायला काही आठवडे घेतं. सईचा अर्ज जूनच्या सुरुवातीला गेला तर १२ शाळा पुरतील. ऑगस्ट उजाडला तर २२ सुद्धा कमीच. आणि २२ करायच्या नादातच ऑगस्ट उजाडतो, हे मी रूममेटच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलंय. जुलैत त्याच्यावर एका आठवड्यात नऊ सेकंडऱ्या येऊन पडल्या. पहिल्या तीन वाचायला मजा येत होती. नववीत "तुम्हाला आमचीच शाळा का हवी?" याचं उत्तर त्याने शाळेच्या वेबसाइटवरूनच उचललं होतं, वाक्यंच्या वाक्यं.

मुख्य निबंध ४,५०० अक्षरांचा, मोकळ्या जागा धरून, आणि सगळ्या शाळांना तोच जातो. तो १२ ला पाठवा नाहीतर ५० ला, मेहनत तेवढीच. मेहनत वाढते ती सेकंडरीत. सईला विचारा, तीन आठवड्यांत मनापासून किती लिहू शकशील? माझं उत्तर १३ होतं.

अजून एक. सबमिट केल्यावर शाळा वाढवता येते, पण काढून पैसे परत मिळत नाहीत. तेव्हा दोनतीन नावं हातची राखा, जुलैअखेर दम उरला तर टाका. आणि इंटरनेटवरच्या जुन्या पोस्टींमधलं "डॅटला २१ असेल तर इतक्या शाळा" हे सोडून द्या. मार्च २०२५ पासून डॅटचे मार्क २०० ते ६०० मध्ये येतात. नोव्हेंबरात सगळं शांत वाटलं म्हणून घाबरून आणखी अर्ज टाकू नका, ऑफरी १५ डिसेंबरपासून निघतात.

अनिकेत

प्रेषक: सुधीर, एपेक्स

भाच्याला फोन केला. १८ पैकी पाच शाळा बाहेरच्यांना जवळपास घेतच नव्हत्या, आणि तीन ठिकाणी पठ्ठ्याने सेकंडरी भरलीच नव्हती. मला हे आजपर्यंत बोलला नाही! म्हणजे राहिले दहा. मुद्दा मागे घेतो. अर्धा. उरलेला अर्धा असा की त्या दहात लागलेली शाळा त्याची नवव्या नंबरची होती.

सुधीरकाका

प्रेषक: वृषाली, कॅरी

सगळ्यांचे आभार. काल रात्री सई यादी घेऊन बसली. टेक्सासच्या दोन लगेच गेल्या. आणखी चार सरकारी शाळांचा तो खालचा रकाना बघितला आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मेधा, तुझा प्रश्न लिहिल्यावर तीन गेल्या. उरल्या १३. "दहा म्हणालो होतो," असं हे दोनदा ऐकवून गेले.

दहा जूनच्या पहिल्या आठवड्यात जातील, तीन मागे ठेवल्यात. त्यातली एक यूएससी. ती सईने खोडलेली नाही, नुसतं समोर प्रश्नचिन्ह काढलंय, आणि तिचे बाबा आता रविवारी खासगी कर्जांचे व्याजदर काढून बसणार आहेत. अनिकेत, ईस्ट कॅरोलायनाच्या इंटरव्ह्यूला तू गेला होतास का? सईला दहा मिनिटं बोलायचंय, तुझी परीक्षा नसेल तेव्हा कळव.

वृषाली