तलाव हिरवागार, पण फॉस्फेट शून्याजवळ! असं कसं?

सिद्धेश्वरपेठकर: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी सिद्धेश्वर तलावाचं पाणी तपासायलोय. पाणी बघितलं तर पालकाच्या भाजीसारखं हिरवं, पण किटवर फॉस्फेट जवळपास काहीच दाखवत नाही, नायट्रेटपण कमीच. मॅडम म्हणायलेत आत्ताच 'पाणी चांगलं' असं लिहू नको. किट बिघडलंय की काय? आणि शेवाळ किती हे सांगणारं क्लोरोफिल (त्याचं हिरवं रंगद्रव्य) कॉलेजच्या साध्या स्पेक्ट्रोवर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजायचं मशीन) काढता येतं का?

भीमाकाठ: किट बरोबरच सांगतंय. ते मोजतं फक्त पाण्यात विरघळलेलं मोकळं फॉस्फेट आणि शेवाळ वाढताना आधी तेच फस्त करतं, म्हणजे फॉस्फरस तलावातच आहे पण शेवाळाच्या पेशींच्या आत. त्यामुळं टोटल फॉस्फरस काढ. पाणी न गाळता परसल्फेट आणि थोडं ॲसिड घालून ऑटोक्लेव्ह करायचं (म्हणजे दाबाखालच्या वाफेत तापवायचं), मग मॉलिब्डेट-ॲस्कॉर्बिक ॲसिडनं निळा रंग आणून ८८० नॅनोमीटरला वाचायचं. मशीन तिथवर जात नसेल तर स्टॅनस क्लोराइडची पद्धत ६९० ला चालते. काचसामान कपड्याच्या पावडरनं धुवू नको, तिच्यात फॉस्फेट असेल तर सगळा खेळ बिघडतो. पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडनं धू.

लॅबवाली_ताई: क्लोरोफिलचं मी सांगते. मोजलेलं पाणी ग्लास फायबर फिल्टरमधून गाळायचं, तो फिल्टर फॉइलमध्ये गुंडाळून लगेच फ्रीझरला, कारण उजेडात क्लोरोफिल टिकत नाही. मग ९० टक्के ॲसिटोनमध्ये घोटून रात्रभर अंधारात फ्रीजमध्ये ठेव, सेंट्रिफ्यूज कर आणि ७५०, ६६४, ६४७, ६३० ला वाच. ७५० चं रीडिंग म्हणजे गढूळपणा, ते बाकी तिन्हींतून वजा. मग ११.८५ गुणिले ६६४ चं, वजा १.५४ गुणिले ६४७ चं, वजा ०.०८ गुणिले ६३० चं. हे अर्कातलं झालं, त्याला अर्काच्या मिलीलिटरनं गुणून गाळलेल्या पाण्याच्या लिटरनं भागलं की एका लिटर पाण्यातले मायक्रोग्रॅम मिळतात (क्युव्हेट, म्हणजे मशीनमध्ये ठेवायची छोटी नळी, १ सेंमीची धरून). पण मशीनची बँडविड्थ (एका वेळी किती रुंद पट्ट्याचा प्रकाश सोडतं ते) बघ, २० नॅनोमीटरवाली असेल तर आकडा खरा आहे त्यापेक्षा कमी येणार.

सिद्धेश्वरपेठकर: थँक्यू ताई! सॅम्पल मी घाटाच्या पायरीवरूनच घेतो, चालतंय ना?

भीमाकाठ: नाही चालत. निळं-हिरवं शेवाळ वर तरंगतं, वारा त्याला एका काठाला लोटतो, मग एका पायरीवर आकडा आभाळाला आणि समोरच्या काठाला निम्मापण नाही. मध्यावर जाऊन अर्धा मीटर खालचं पाणी घे, तेही दर महिन्याला, कारण ओईसीडीच्या (प्रामुख्यानं विकसित देशांची संघटना) जुन्या वर्गवारीत वर्षाची सरासरी धरतात: क्लोरोफिल ८ ते २५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर म्हणजे युट्रोफिक (पोषणद्रव्यं जास्त होऊन शेवाळ माजलेला तलाव), २५ च्या वर हायपरयुट्रोफिक (त्याच्याही पुढचा). टोटल फॉस्फरसची युट्रोफिक हद्द ३५ ते १०० मायक्रोग्रॅम प्रति लिटर.

जुळेसोलापूर: हे सगळं ठीक हाय ओ, पण उजनीचं पाणीपण हिरवं होतंय की, अन् तेच आपण पितो. क्लोरोफिलवरनं विषारी हाय का नाय कळतंय का?

लॅबवाली_ताई: नाही कळत दादा. शेवाळ किती ते कळतं, कुठलं ते नाही. त्यासाठी मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं, त्यात मायक्रोसिस्टिस (विष तयार करू शकणारं निळं-हिरवं शेवाळ) दिसलं तर विषाची टेस्ट वेगळी करायची. आणि हो सिद्धेश्वरपेठकर, क्युव्हेट काचेची घे, स्वस्तातली प्लॅस्टिकची ॲसिटोनमध्ये विरघळते.