छोट्या रीफ टँकमध्ये (समुद्री पाण्याचा, कोरलचा टँक) झोआ उघडतच नाहीत, झेनिया वितळली, काय बघू?

खारट_पुणेकर:
नमस्कार मंडळी. दोन फुटी टँक आहे, ७५ लिटरचा, दगड-वाळू सोडून खरं पाणी ६० लिटरच्या आसपास. दोन क्लाऊनफिश, एक क्लीनर श्रिंप, थोड्या गोगलगायी. कोरल सगळे सॉफ्टच, म्हणजे कडक सांगाडा नसलेले: झोआ (झोअँथिड), मश्रूम, जीएसपी (ग्रीन स्टार पॉलिप) आणि झेनिया. होळीपर्यंत टँक मस्त चालला होता, झेनिया तर इतकी पसरली की मित्राला तुकडे कापून दिले. आता झोआ मुठी आवळल्यासारखे बंद, जीएसपी चा नुसता जांभळा चटईसारखा थर दिसतो, हिरवं काहीच बाहेर येत नाही, आणि झेनियाची दोन दिवसांत जेली झाली, वास पण सुटला.

दुपारी पाणी ३० पर्यंत जायचं म्हणून वरून फॅन लावलाय, आता २७-२८ असतं. सॅलिनिटी १.०२४, काट्याच्या हायड्रोमीटरवर. रविवारी १० टक्के पाणी बदलतो, पाणी घरच्या किचनच्या आरओचं. उडालेलं पाणी पण तेव्हाच भरतो, मध्ये फार कमी वाटलं तर एखादा तांब्या. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, फिल्टरमध्ये फॉस्फेट काढायची पिशवी आहे. केएच (पाण्याची अल्कलिनिटी) कधी मोजलं नाही. लाईट ९ तास. दुकानदार म्हणतो आयोडीन टाका, कोरल फूड टाका, आणि हॅमर कोरल आलाय तो घेऊन जा, सॉफ्ट कोरलपेक्षा भारी दिसतो. काय करू?

डोंबिवली_रीफ:
आयोडीन राहू दे. आधी मला सांग फॅन लावल्यापासून रोज किती पाणी उडतं? पुण्यात एप्रिलची कोरडी हवा, वर फॅन, दिवसाला दीड लिटर सहज जात असणार. पाणी उडतं, मीठ उडत नाही. ६० लिटरमधलं तीन दिवसांत साडेचार लिटर गेलं की ३५ पीपीटीची (हजार भागांत ३५ भाग मीठ) सॅलिनिटी जवळजवळ ३८ होते, मग रविवारी तू एकदम पाणी ओतणार की धाडकन खाली. म्हणजे तुझे कोरल आठवडाभर लोणच्याच्या बरणीत आणि रविवारी अचानक बाहेर. मोठ्या टँकमध्ये हे खपून जातं, ६० लिटरमध्ये नाही.

आणि तो काट्याचा हायड्रोमीटर, त्याच्या काट्यावर मिठाचा थर बसला की काटा जड होतो आणि कमी दाखवतो. बुडबुडा चिकटला तर उलटं, जास्त दाखवतो. त्यामुळे तुझ्या १.०२४ वर माझा काडीचा विश्वास नाही. कोणाकडून तरी रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर पाण्यातून प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा दाखवतो) आण, पण तो आरओ च्या पाण्यावर शून्य करून मोकळा होऊ नकोस, ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशनचं पाणी मिळतं त्यावर सेट कर. आपल्याला अचूक आकडा ३५ जवळ हवाय, शून्याजवळ नाही.

तोपर्यंत काचेवर मार्करने रेघ मार, सकाळ-संध्याकाळ रेघेपर्यंत गोडं पाणी भर. मीठ घातलेलं नाही, गोडं. जमलं तर ऑटो टॉप-अप घे, उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र. स्किमर, डोसिंग पंप वगैरेच्या आधी छोट्या टँकला ती वस्तू लागते असं माझं स्पष्ट मत आहे, लोक उलट्या क्रमाने घेतात.

नागपुरी_कूलर:
भाऊ २७-२८ ला काही होत नाही, पण रात्री किती असतं ते सांगितलं नाही तुम्ही. दिवसा ३०, रात्री २५, असं रोज वरखाली असेल तर ते कायम २८ असण्यापेक्षा वाईट. कोरलच्या अंगात जी शेवाळं राहतात, झूझँथेली, ती उन्हाळ्याचा ताण आला की कोरल बाहेर टाकतं, मग पांढरं पडतं. तुमचं पांढरं पडलेलं नाही म्हणजे अजून तिथपर्यंत गेलेलं नाही असं दिसतं.

आमच्याकडं मे मध्ये ४५ च्या वर जातं, इथं फॅनचं गणित वेगळं. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, खोलीत कूलर चालू असेल तर हवा दमट होते, मग टँकवरचा फॅन निम्मा निकामी. पाणी उडालं तरच गार होतं ना. मुंबईवाल्यांचं पण हेच, दमट हवेत फॅन नुसता फिरतो. आम्ही शेवटी चिलर (पाणी गार करायची मशीन) घेतला, तो गरम हवा खोलीतच सोडतो म्हणून गॅलरीच्या दारापाशी ठेवलाय. पुण्याला चिलर लागू नये. लाईट दुपारची दोन तास कमी करा आणि संध्याकाळी चालू ठेवा, एलईडीची पण उष्णता असते, आणि तुम्ही घरी असता तेव्हा बघायला पण मिळतं.

केमिस्ट्रीवाली_ताई:
किचनचा आरओ म्हणजे नेमका कुठला? घरगुती मशीनमध्ये चव यावी म्हणून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ॲडजस्टर असतो, थोडं कच्चं पाणी परत मिसळतात, नाहीतर मिनरलची कॅट्रिज असते. प्यायला चांगलं, टँकला नाही. कारण तुम्ही टॉप-अप करता आणि त्यातले क्षार टँकमध्येच साठत जातात, उडतं फक्त पाणी. टीडीएस मीटर स्वस्त आहे, मोजून बघा. आपल्याला शून्य लागतं, म्हणजे आरओ नंतर डीआय रेझिन, उरलेले क्षार शोषून घेणारे दाणे. ६० लिटरसाठी असं कितीसं पाणी लागतं, छोटी डीआयची नळी पुष्कळ दिवस जाते. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी पण चालू शकतं पण प्रत्येक कॅन मीटरने तपासून, सगळे सारखे नसतात.

केएच मोजाच. ८ ते ९ च्या दरम्यान ठेवा, नुसत्या सॉफ्ट कोरलला ७ सुद्धा चालेल पण एकाच आकड्यावर राहू दे. कमी आलं तर घरचा खायचा सोडा चालतो, ६० लिटरला साधारण १.८ ग्रॅमने केएच एक अंश वाढतं, कपभर डीआयच्या पाण्यात विरघळवून सावकाश, एका दिवसात एक अंशापेक्षा जास्त नाही. बेकिंग पावडर नव्हे हं, सोडा. आणि लोक विचारतात म्हणून सांगते, कॅल्कवासर म्हणजे चुन्याचंच पाणी, कॅल्शियम हायड्रॉक्साईड, पण पानवाल्याचा चुना टाकू नका. त्यात काय काय असतं देव जाणे, आणि त्या पाण्याचा पीएच १२ च्या वर असतो, छोट्या टँकमध्ये एकदम पडलं तर सगळं संपलं. तुम्हाला त्याची गरजही नाही, हार्ड कोरल नसताना कॅल्शियम खातंय कोण.

खारट_पुणेकर:
सगळ्यांचे आभार. मित्राचा रिफ्रॅक्टोमीटर आणला, सेट करून मोजलं तर ३९!! किचनच्या आरओचं टीडीएस ६५. केएच ६.५. रात्री २५ असतं, म्हणजे नागपूरच्या भाऊंचं बरोबर. आता एकदम पाणी बदलून ३५ करू का? आणि वाळूवर तपकिरी शेंबडासारखे धागे दिसतायत, त्यात बुडबुडे अडकलेत, सकाळी नसतात, दुपारपर्यंत वाढतात.

डोंबिवली_रीफ:
एकदम नको!! ३९ ला ते कसेबसे जुळवून घेतायत, झटका दिलास तर उरलेलं पण जाईल. रोज टँकमधलं दीड लिटर काढ आणि दीड लिटर डीआय सावकाश घाल, रोज एक पीपीटी उतरेल, चार दिवसांत ३५. मीटर रोज बघ. केएच त्यानंतर हळूहळू, दोन्ही एकाच दिवशी नको.

धागे बुडबुड्यांचे आणि लाईटबरोबर वाढणारे म्हणजे बहुतेक डायनो (डायनोफ्लॅजेलेट, सूक्ष्म शेवाळासारखे जीव). तुझं नायट्रेट शून्य फॉस्फेट शून्य बघितलं तेव्हाच खटकलं होतं. पाणी जास्त स्वच्छ झालं की बाकीची शेवाळं उपाशी मरतात आणि ही ब्याद मोकळ्या जागेत पसरते. झोआ पण उपाशीच असणार. ती पिशवी काढून टाक, माशांना थोडं जास्त खायला घाल. नायट्रेट ५ च्या आसपास, फॉस्फेट ०.०३ ते ०.१, एवढं आलं तरी पुष्कळ. कोरल फूडची बाटली आत्ताच नको, धागे बारीक नळीने ओढून काढत रहा.

मालवणी_खडक:
हॅमरचं कोणी बोललं नाही म्हणून मी लिहितोय. हॅमर, टॉर्च, ॲक्रोपोरा, हे सगळे स्टोनी, म्हणजे हार्ड कोरल. २००१ पासून आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीला. दुकानदार सहज विकतो म्हणून ते कायदेशीर होत नाही. बाहेरून आणलेले म्हणाला तर कागद दाखव म्हणावं, स्टोनी कोरल साईट्स (CITES, वन्यजीवांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) च्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, परवान्याशिवाय आयात होत नाही. बहुतेक वेळा कागद नसतातच. लाईव्ह रॉकचं (समुद्रातला जिवंत जिवाणू-जीव असलेला दगड) पण तेच, तो मुळात कोरलचाच सांगाडा असतो, सुका कृत्रिम सिरॅमिक रॉक घ्या.

आणि कृपा करून मालवणला येऊन सिंधुदुर्गाच्या आजूबाजूचा तुकडा पिशवीत घालून नेऊ नका. १९८७ पासून इथं सागरी अभयारण्य आहे, तरी दर सुट्टीत कोणीतरी खिशात काहीतरी घालून निघतंच. हौशीला झोआ-मश्रूम पुष्कळ आहेत आणि खरं सांगायचं तर ६० लिटरमध्ये हॅमरला फैलावायला जागाच नाही, रात्री त्याचे लांब चाबूक बाहेर येतात आणि शेजारच्याला भाजून काढतात.

केमिस्ट्रीवाली_ताई:
अजून दोन गोष्टी, कारण आता तुम्ही टँकमध्ये हात घालून साफसफाई करणार. झोआ आणि त्यांच्याच जातकुळीतल्या पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जबरदस्त विष असतं. हाताला जखम असेल तर ग्लोव्हज घालाच, नसली तरी घाला, कापताना डोळ्यांवर चष्मा. आणि मेलेले झोआ निघत नाहीत म्हणून दगड उकळायला घ्यायचा नाही, वाफेतून ते नाकात गेल्यावर अख्ख्या घराला दवाखान्यात जावं लागल्याच्या घटना झाल्यात.

दुसरं, टँकच्या खोलीत डासांची मशीन किंवा झुरळाचा स्प्रे वापरता का? त्यात पायरेथ्रॉईड हे कीटकनाशक असतं, श्रिंपसारख्या प्राण्यांना फार थोडंही पुरतं, आणि पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप), फिल्टर सतत खोलीतली हवा पाण्यात मिसळत असतात.

खारट_पुणेकर:
मशीन टँकच्या बाजूच्याच प्लगला होती, काढली. हॅमर कॅन्सल. पुण्यात गुरुवारी लाईट जाते तेव्हा काय करता सगळे? पॉवरहेड बंद पडतं, फॅन पण.

नागपुरी_कूलर:
बॅटरीवरचा एअर पंप घ्या, मासे नेताना वापरतात तो, नाहीतर यूएसबीवाला घेऊन पॉवर बँकला लावा. पाण्यात हालचाल राहिली की ऑक्सिजन राहतो, बाकी काही तास निघतात. पॉवरहेड इन्व्हर्टरवर टाकलं तर अजून चांगलं, ते वीज फार खात नाही. बर्फाचे तुकडे थेट पाण्यात टाकू नका, बाटलीत गोठवून ती तरंगत ठेवा, आणि एका वेळी एकच, नाहीतर परत पाच अंशांचा झोका.