माठ आणि आर्द्रता
क्रिकेटची किंवा मोबाइलची उदाहरणे दिली की मुलांना विज्ञानात रस वाटू लागतो, हे नेहमी मांडले जाणारे मत मला अर्धेच पटते. कारण धडा संपल्यावर जोडलेले उदाहरण बहुधा शोभेपुरतेच राहते. बाष्पीभवनाचेच पाहा. माठातले पाणी गार होते, एवढे सगळेच सांगतात. परंतु नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी थंडगार करणारा माठ रत्नागिरीच्या दमट हवेत जेमतेमच काम करतो (कोकणात कूलरचा फारसा उपयोग होत नाही, तोही याच कारणाने), आणि तसे का, हा प्रश्न मुलांकडूनच यायला हवा. मग दोन थर्मामीटर घ्यावेत, एकाच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळावे आणि दोहोंवरील अंश रोज फळ्यावर मांडावेत. हवेतला दमटपणा वाढेल तसे बाष्पीभवन मंदावून दोहोंतील अंतर घटत जाते, आणि सापेक्ष आर्द्रता (हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाच्या मानाने प्रत्यक्षात असलेले बाष्प) व्याख्या पाठ करण्याआधीच समजू लागते. मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने आधी प्रयोग, मग निष्कर्ष हाच क्रम धरला होता, आणि त्याला साजेशी म्हणून परीक्षेतही पुस्तक उघडून पाहण्याची मुभा ठेवली होती.