सहा फूट दोन इंचाला ४८ इंची धनुष्य?

भाऊ, तुझी उंची सहा फूट दोन इंच, कोणतं धनुष्य घेऊ विचारलंस, त्यावर वर कुणीतरी तुला ४८ इंची हॉर्सबो (घोडेस्वारांचं आखूड धनुष्य) घे म्हटलंय, दिसायला भारी असतो मान्य, पण तू तीन बोटांनी ओढणार ना? मग एवढ्या उंचीला नको. कोरियन धनुष्यं आखूड असूनही लांब ओढली जातात खरी, पण ते लोक अंगठ्याने ओढतात आणि त्यांची बनावटच वेगळी. आपण बोटांनी ओढली की दोरीचा कोन अरुंद होतो, बोटं चिमटतात आणि शेवटच्या दोन इंचांत वजन (ओढायला लागणारा जोर) असं चढतं की विचारू नको.

आधी भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसर, मधल्या बोटांच्या टोकांना पेन्सिलने खूण कर, ते अंतर भागिले अडीच. ७६ इंच आलं तर ड्रॉ, म्हणजे तू दोरी ओढशील ती लांबी, साधारण ३० इंचांच्या वर. लाँगबो (साधं लांब धनुष्य) असेल तर ६८-७० इंची बघ, रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) ६४-६६. आणि धनुष्यावर लिहिलेलं वजन बहुतेक २८ इंच ड्रॉचं असतं, पुढे प्रत्येक इंचाला दोन-तीन पाउंड वाढतात, म्हणजे ३५ चा घेतलास तरी तुझ्या हातात ४० च्या आसपास पडणार, सुरुवातीला तेवढंही जास्तच. बाणही लांब लागतील, आणि लांब बाण जास्त लवचिक वागतो म्हणून स्पाइन (बाणाचा ताठपणा) जरा कडक घे.

मी तर टेकडाउन रिकर्व्हच म्हणेन, सुटा करून सॅकमध्ये जातो. ७० इंची लाँगबो घेऊन सिटीलिंक बसच्या गर्दीत नाशिकरोडपर्यंत उभं राहून दाखव राव!

मोजून आकडा टाक इथे, मग लिंब्सचं (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांचं) बोलू.