टाळेबंदीत मूड डिसऑर्डर सांभाळताना : आपले अनुभव लिहावेत

मार्च २०२० मध्ये घरी बसणे सगळ्यांच्याच वाट्याला आले. परंतु ज्या घरांत बायपोलर (मन कधी उन्मादात, म्हणजे बेसुमार उत्साहात, तर कधी नैराश्यात जाण्याचा आजार) किंवा वारंवार उलटणारे नैराश्य आधीपासून मुक्कामाला होते, त्यांची अडचण निराळी होती आणि तिच्याविषयी फारसे लिहिले गेले नाही. मुंबई व उपनगरांतील रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी येथे लिहावे, ही विनंती. औषधांची नावे जरूर द्यावीत; डॉक्टरांची व रुग्णालयांची देऊ नयेत.

सुरुवात मी करतो. मला बायपोलर आहे, राहायला डोंबिवलीत, नोकरी फोर्टमध्ये. २३ मार्चपासून लोकल बंद झाली आणि माझा दिवस विस्कटला. पहाटे उठणे, ठरलेली गाडी, डबा, परतीची गर्दी आणि दमून लागणारी झोप हा क्रम मला गोळ्यांइतकाच सावरून धरत होता, कारण या आजारात झोपेची वेळ सरकली की उन्मादाला वाट मिळते. एप्रिल संपता संपता मी रात्री दोन वाजता माळा आवरायला घेऊ लागलो, तेव्हा पत्नीने ते ओळखून डॉक्टरांना फोन केला. औषध थोडे वाढले, आणि गाडी नसली तरी गाडीची वेळ पाळायची असे ठरले : सकाळी लवकर आंघोळ, गच्चीत चालणे, अंगात ऑफिसचे कपडे, रात्री दहानंतर मोबाईल पत्नीच्या ताब्यात. इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसणारा माणूस शेजाऱ्यांना विनोदी वाटला असेल, पण झोप रुळावर आली.

गिरगाव, लिथियमवर असलेली गृहिणी

लिथियम हे बायपोलरमध्ये मन स्थिर ठेवणारे औषध; त्याची रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटरच्या दरम्यान ठेवावी लागते. खाली गेली तर उपयोग नाही आणि फार वर गेली तर विषबाधा, म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासायचे असते. नेहमीची ओपीडी कोविडसाठी गेली आणि तपासणी लांबत राहिली. आमच्या चाळीत संडास सामाईक आहेत. संसर्गाच्या धास्तीने तिकडे कमी वेळा जावे लागावे म्हणून मी पाणीच कमी पिऊ लागले होते, त्यात मे महिन्याचा घाम, आणि कंबर धरली म्हणून घरात असलेली आयब्युप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी. या तिन्ही गोष्टींनी लिथियम शरीरात साठते. चहा बशीत ओतताना हात इतका थरथरला की निम्मा चहा ओट्यावर गेला, आणि संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी फोनवरच गोळी थांबवायला सांगितली, त्याच रात्री जवळच्या रुग्णालयात पाठवले आणि तिथे सलाईन लावले. टाळेबंदी लागली त्याच दिवशी, २५ मार्चला, फोनवरून रुग्ण तपासण्याविषयी सरकारी मार्गदर्शक सूचना निघाल्या होत्या. त्यामुळे पुढचे कित्येक महिने चिठ्ठी व्हॉट्सॲपवर येत राहिली आणि केमिस्ट ती मानत राहिला. झोपेच्या काही गोळ्यांना मात्र तो ठाम नकार देई.

घाटकोपर, वय ३१

माझ्या सासरी माझ्या आजाराविषयी ठाऊक नव्हते, नवऱ्याला होते. गोळ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असत. टाळेबंदीत त्या शिकेकाईच्या डब्यात गेल्या. गोळ्या लपवता येतात, डॉक्टरांशी बोलणे लपवता येत नाही. वन रूम किचनमध्ये पाच माणसे, जिन्यात शेजारी. अखेर पाण्याच्या टाकीमागे उभी राहून मी ‘हो’, ‘नाही’, ‘कालपेक्षा जास्त’ एवढ्यावर अख्खी भेट उरकत असे. मरणाचे विचार येतात का, या प्रश्नाला तिथून खरे उत्तर कसे देणार? पुढे डॉक्टरांनी तो प्रश्न लिहून पाठवायला सुरुवात केली.

बोरिवली, वारंवार येणारे नैराश्य

थोडे विपरीत वाटेल, पण पहिले दोन-तीन महिने मी बरा होतो. कोणीच कुठे जात नव्हते, त्यामुळे न जाण्याचा अपराधी भाव उरला नाही. जग पुन्हा सुरू झाले तेव्हा मी खचलो.

ठाणे, रुग्णाची बहीण

भावाला बायपोलर असून तो अनेक वर्षे स्थिर होता. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, ऑक्सिजन घसरल्यामुळे त्याला स्टेरॉइड द्यावे लागले. ते आवश्यकच होते, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु स्टेरॉइडमुळे उन्माद उसळू शकतो, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. घरी आल्यावर तो झोपेना. रात्रभर फोनवर अनोळखी लोकांसाठी खाटा शोधायचा, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची आगाऊ रक्कम स्वतःच्या खात्यातून भरायचा. त्या दिवसांत सगळी मुंबई हेच करत होती, त्यामुळे सोसायटीत त्याचे कौतुक झाले आणि आई-बाबाही सुखावले. मला त्याच्या बोलण्याचा वेग आणि मध्येच तुटणारी वाक्ये ऐकून संशय आला. त्याच्या मनोविकारतज्ज्ञांनी स्टेरॉइड कमी करण्याविषयी छातीच्या डॉक्टरांशी परस्पर बोलून घेतले आणि उन्माद आवरणारे ओलान्झापिन सुरू केले. झोप आठवड्याभरात आली. पैसे काही परत आले नाहीत.

ठाण्याच्या ताई, मी डोंबिवलीकर विचारतो : आपण भावाला दाखल केले तेव्हा त्यांच्या जुन्या आजाराची व चालू गोळ्यांची नोंद केसपेपरवर झाली होती का? इतरांनीही स्टेरॉइडचा असा अनुभव घेतला असेल, तर दाखल होताना हे विचारले गेले की आपणहून सांगावे लागले, एवढे अवश्य लिहावे.