विषय: कम्युनिटी कॉलेजमधून मेडिकलला जायचं तर पहिल्या दोन वर्षांत काय सांभाळायचं?

प्रेषक: वृंदा, फ्रीमाँट

नमस्कार मंडळी,

आपल्याकडची बरीच मुलं हायस्कूल संपवून थेट यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) न जाता डी अँझा, फूटहिल, ओलोनी या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांना जाताहेत. त्यातल्या काहींना पुढे डॉक्टर व्हायचं आहे. पालकांच्या बोलण्यात तेच तीन प्रश्न येतात. कम्युनिटी कॉलेजमधलं केमिस्ट्री-बायॉलॉजी मेडिकल स्कूल मानतं का? दोन वर्षांनी विद्यापीठात ट्रान्सफर झाल्यावर तिथल्या ग्रेड्स मागे पडतात का? आणि सगळं चार वर्षांत बसतं का? माहितगारांनी कृपया सविस्तर लिहावं, म्हणजे सगळ्यांनाच उपयोग होईल.

वृंदा

प्रेषक: श्रीकांत, सॅन होजे

वृंदाताई,

पहिल्याचं उत्तर: बहुतेक मेडिकल स्कूल मानतात. काहींना ठरावीक विषय चार वर्षांच्या कॉलेजमधलेच हवे असतात, म्हणून ज्या दहा-बारा ठिकाणी अर्ज करायचा मनात आहे त्यांचे नियम एमएसएआर या मेडिकल स्कूलांच्या माहितीच्या साइटवर आत्ताच वाचून ठेवा.

मात्र कोर्स कुठला घेतला यावर सगळं अवलंबून आहे. कॉलेजच्या यादीत केमिस्ट्रीचे दोन रस्ते दिसतात. एक नर्सिंग वगैरेंसाठीचा सोपा, दुसरा सायन्स मेजरसाठीचा (मुख्य विषय सायन्स असणाऱ्यांसाठीचा). आपल्याला दुसराच हवा, तोही लॅबसकट. अ‍ॅनाटमी-फिजिऑलॉजीचंही तसंच आहे. नाव भारदस्त, युनिट्सही मिळतात, पण बायॉलॉजी मेजरच्या मूळ मालिकेची जागा ते कोर्स भरून काढत नाहीत. असिस्ट डॉट ऑर्ग या साइटवर आपलं कॉलेज, जायचं विद्यापीठ आणि मेजर टाकलं की कुठला कोर्स कशाच्या बदल्यात धरतात ते ओळीनं दिसतं. त्या पानाची प्रत काढून प्रत्येक टर्मला काउन्सेलरसमोर ठेवा.

घाई करायची ती केमिस्ट्रीची. जनरल केमिस्ट्रीला एक वर्ष, ती झाल्याशिवाय ऑरगॅनिक मिळत नाही, आणि ऑरगॅनिकला आणखी एक वर्ष. म्हणजे दोन वर्षं अगदी काठोकाठ भरतात. प्लेसमेंटमुळे (आधी खालचा कोर्स करायला लावल्यामुळे) किंवा वर्ग भरल्यामुळे पहिल्या फॉलची केमिस्ट्री हुकली, की ऑरगॅनिक अर्धवट राहतं किंवा तिसरं वर्ष लागतं. रजिस्ट्रेशनची तारीख उघडली की सगळ्यात आधी केमिस्ट्रीची जागा धरा, बाकीचं नंतर.

मालिका मध्येच तोडू नका, ही माझी सगळ्यांना विनंती. डी अँझा आणि फूटहिल क्वार्टरवर चालतात (वर्षाच्या तीन टर्म), ओलोनी सेमिस्टरवर (दोन टर्म). यूसीत बर्कली आणि मर्सेड सेमिस्टरवाले, बाकीचे क्वार्टरवाले. तीन क्वार्टरच्या केमिस्ट्रीतले दोनच भाग करून सेमिस्टरच्या ठिकाणी गेलं, तर धडे कुठे पुन्हा येतात, कुठे अजिबात सुटतात, आणि पूर्ण मालिकेचं श्रेयही बरेचदा मिळत नाही. जिथे सुरू केली तिथेच संपवा. ऑरगॅनिक काही ठिकाणी वरच्या वर्गाचा विषय धरतात, तेव्हा तेवढं असिस्टवर वेगळं तपासा. बायोकेमिस्ट्री मात्र ट्रान्सफरनंतरच घ्या. स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, इंग्रजी इथे सेमिस्टर युनिटला ४६ डॉलरच्या दराने खुशाल उरकावं.

आता ग्रेड्स. इथे फार गैरसमज आहे. यूसीत गेल्यावर तिथला जीपीए (ग्रेड्सची सरासरी) नव्याने सुरू होतो, त्यामुळे मुलांना वाटतं जुनं संपलं. मेडिकलचा अर्ज अनेक स्कूलांना एकदम पाठवणाऱ्या अ‍ॅमकॅसमधून जातो. तिथे आजवर जिथे जिथे कॉलेजचं क्रेडिट घेतलं तिथलं प्रत्येक ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) द्यावं लागतं आणि सगळं मिळून एकच जीपीए निघतो. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथचा मिळून आणखी एक वेगळा काढतात. नापास होऊन पुन्हा दिलेला कोर्स दोन्ही वेळा मोजला जातो.

एक हिशोब करून दाखवतो. कम्युनिटी कॉलेजची ७० सेमिस्टर युनिट्स ३.९ ने झाली. यूसीच्या पहिल्या क्वार्टरला १५ क्वार्टर युनिट्स, म्हणजे १० सेमिस्टर युनिट्स, आणि तिथे आले २.७. एकूण आकडा लगेच ३.७५ वर येतो. पुढची ५० युनिट्स पुन्हा ३.९ ने काढली तरी शेवटी ३.८१ च होतो. आकड्यापेक्षा मला त्या उतरंडीची जास्त काळजी वाटते, कारण मेडिकल स्कूलची प्रवेश कमिटी नेमकं हेच बघते की मोठ्या विद्यापीठात आल्यावर मूल टिकलं का. पहिल्या क्वार्टरला दोनच सायन्स घ्या, बाकी हलकं ठेवा. आणखी एक बारीक गोष्ट अशी की बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांत ए मायनस नसतो, यूसीत असतो आणि तो ३.७ धरला जातो. तेवढ्याच अभ्यासावर आकडा किंचित खाली सरकतो, त्याने घाबरून जाऊ नये.

प्रवेशाबद्दल थोडक्यात: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहांपैकी एकाच ठिकाणी टॅग (ट्रान्सफरच्या प्रवेशाची हमी देणारा अर्ज) भरता येतो, १ ते ३० सप्टेंबरमध्ये. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगोला टॅग नाही.

श्रीकांत

प्रेषक: डॉ. मेधा, सॅक्रामेंटो

श्रीकांतदादांनी केमिस्ट्रीचं लिहिलं त्याला पूर्ण दुजोरा. तिसऱ्या प्रश्नाचं मी लिहिते, कारण तिथेच मुलांची जास्त ओढाताण होते.

अ‍ॅमकॅस मेच्या सुरुवातीला उघडतो आणि साधारण मेअखेरीपासून सादर करता येतो. चौथं वर्ष संपताच मेडिकलला जायचं, तर हा अर्ज तिसऱ्या वर्षाच्या शेवटी जायला हवा. ट्रान्सफर झालेल्या मुलाकडे तेव्हा नव्या विद्यापीठाचं एकच वर्ष असतं. तेवढ्यात बायोकेमिस्ट्री, एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) आणि दोन सायन्स प्राध्यापकांची पत्रं, हे सगळं उभं करायचं. बहुतेकांनी हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चौथ्या वर्षाच्या शेवटी अर्ज करा आणि मधलं एक वर्ष काम करा. आपल्या घरांत 'एक वर्ष वाया गेलं' असं म्हटलं जातं आणि मुलं त्या धाकाने कच्चा अर्ज पाठवतात. पडलेला अर्ज पुढच्या वर्षी पुन्हा भरताना सांगावा लागतो, आणि काय सुधारलं हे दाखवावं लागतं.

एमकॅट बायोकेमिस्ट्री झाल्यावर द्या. चार भाग, २३० प्रश्न, मधल्या सुट्ट्या धरून साडेसात तास. गुण ४७२ ते ५२८. निकाल यायला महिनाभर लागतो, म्हणून एप्रिलपर्यंत परीक्षा झालेली बरी. वर्षात ३, सलग दोन वर्षांत ४ आणि आयुष्यभरात ७ वेळाच बसता येतं. परीक्षेला बसून गुण रद्द केले तरी ती वेळ मोजली जाते, म्हणून 'बघू तरी कशी असते' म्हणून बसू नका. सरावासाठी ही परीक्षा घेणाऱ्या एएएमसीच्याच पूर्ण लांबीच्या चाचण्या वापरा, आणि त्यातल्या निदान दोन शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवा.

रुग्णांजवळचं काम कम्युनिटी कॉलेजमध्ये असतानाच सुरू होऊ शकतं, आणि इथे ही कॉलेजं खरंच उजवी आहेत. सीएनएचा (नर्सच्या मदतनिसाचा) कोर्स कॅलिफोर्नियात किमान १६० तासांचा, त्यातले १०० तास प्रत्यक्ष रुग्णांबरोबर. ईएमटी (अँब्युलन्सवरचं तातडीच्या उपचाराचं काम) सुमारे १७० तासांचा. दोन्ही कॉलेजांतच मिळतात. आंघोळ घालणं, कूस बदलणं, जेवण भरवणं, पातळ पदार्थाचा एकेक चमचा गिळून होईपर्यंत थांबणं, हे ज्याने सहा महिने केलंय त्याला निबंधात काय लिहू हा प्रश्न पडत नाही. ओळखीच्या डॉक्टरकाकांकडे चार दिवस उभं राहणं वेगळं. तेही करा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. सुरुवातीला टीबीची चाचणी आणि लसींच्या नोंदी लागतात. भारतातून आलेल्यांना बीसीजीमुळे त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह दाखवू शकते, म्हणून रक्ताची चाचणी मागा.

तासांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. तारीख, ठिकाण, तास, कुणाच्या हाताखाली, आणि एक-दोन ओळी. अर्जात १५ नोंदी मावतात, प्रत्येकी ७०० अक्षरं, आणि त्यातल्या तिनांवर जास्त लिहिता येतं. तीन वर्षांनी आठवून लिहिलेले आकडे मुलाखतीत उघडे पडतात.

कॅलिफोर्निया मेडिसिन स्कॉलर्स प्रोग्रॅम खास कम्युनिटी कॉलेजच्या मुलांसाठीच आहे. आपल्या भागातल्या शाखेत चौकशी करा.

मेधा

प्रेषक: अनघा, डब्लिन

व्हिसाचं आणि पैशाचं जोडते. बरीच मेडिकल स्कूल फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांचेच अर्ज घेतात. एच-४ वरची (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरची) मुलं २१ पूर्ण झाल्यावर त्या व्हिसावर राहत नाहीत, म्हणून कुठे अर्ज चालतो ही यादी कम्युनिटी कॉलेजच्या पहिल्याच वर्षी करावी. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज मिळत नाही. सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख डॉलर. नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांनीही हे गणित आधी मांडावं. पहिल्या दोन वर्षांत वाचलेले पैसे तिथे कामी येतात.

अनघा

प्रेषक: वृंदा, फ्रीमाँट

सगळ्यांचे मनापासून आभार. एकच विचारायचं राहिलं: हायस्कूलमध्ये असताना कॉलेजचा एखादा कोर्स घेतला असेल तर?

प्रेषक: श्रीकांत, सॅन होजे

तोही द्यावा लागतो, वृंदाताई, त्या कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टसकट. अ‍ॅमकॅसमध्ये त्याचं वर्ष हायस्कूल म्हणून दाखवतात, पण ग्रेड जीपीएत धरली जाते. नववीतल्या उन्हाळ्यातली एखादी सी मुलं विसरलेली असतात. यूसीच्या ट्रान्सक्रिप्टवर बाहेरच्या कॉलेजांची बहुधा नुसती बेरीज असते, म्हणून मूळ कॉलेजचं वेगळं मागवा. ते फेब्रुवारीतच आपल्यापुरतं मागवून ठेवा आणि कोर्सचं नाव, नंबर, युनिट्स त्यात बघूनच भरा. जूनमध्ये तपासणीला सहा आठवड्यांपर्यंत लागतात, आणि नोंदी जुळल्या नाहीत तर अर्ज परत येऊन पुन्हा रांगेत जातो.