बर्लिनमध्ये परवडणारं हॉटेल : मदत हवी आहे

मंडळी, फेब्रुवारीत फ्रूट लॉजिस्टिका या फळं-भाज्यांच्या व्यापारी प्रदर्शनाला जायचं ठरतंय. पिंपळगावला आमचं द्राक्षांचं छोटं पॅकहाऊस आहे, मी आणि धाकटा भाऊ दोघंच. प्रदर्शनाच्या आठवड्यात हॉटेलवाले असे दर चढवतात की आपला लिलाव बरा! प्रदर्शनाजवळच्या मेसे सुद स्टेशनला एस-बानने (तिथली लोकल) थेट येता येईल असं स्पांडाउकडे राहावं, की अलेक्झांडरप्लाट्झला? खोलीत किटली हवीच, भाऊ चहाशिवाय हलत नाही. शाकाहारी आहोत, नाश्ता धरून घ्यावं की बेकरीवर भागतं?

आणि हॉटेलच्या मुक्कामावरचा ७.५ टक्के सिटी टॅक्स आता कामानिमित्त येणाऱ्यांनाही लागतो, तो बुकिंगमध्येच धरतात की काउंटरवर वेगळा मागतात? व्हिसाचं अजून व्हायचंय, त्यामुळे फुकटात रद्द होणारं बुकिंगच सुचवा.